धीरपट्टी

शिरगाळ बंदरात माझा आवाज लागोपाठ तीन वेळा नापास झाला. मी नव्हे, माझा आवाज. तिन्ही वेळा जहाज मी सुखरूप धक्क्याला लावलं होतं, रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता. तरी पेटी म्हणाली, "पायलटच्या आदेशात ठामपणा कमी आहे."

पेटीबद्दल सांगण्याआधी पायलट म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना लगेच विमान आठवतं. मोठं जहाज खाडीच्या तोंडाशी येतं तेव्हा त्याच्या कप्तानाला आतलं पाणी ठाऊक नसतं. गाळ कुठे साचलाय, खडक कुठे आहे, ओहोटीचं पाणी कुठून ओढ घेतं, हे बंदराच्या पायलटला ठाऊक असतं. तो छोट्या बोटीतून जहाजापाशी जातो, चालत्या जहाजाच्या अंगावरून सोडलेल्या दोराच्या शिडीने वर चढतो आणि जहाज आत आणतो. शिरगाळला आम्ही पाच पायलट आहोत. चार पुरुष आणि मी, कॅप्टन मैथिली तांडेल.

चार वर्षांपूर्वी सगळ्या मोठ्या बंदरांत 'निर्धार' नावाची पेटी आली. पायलटने ती जहाजावर न्यायची, सुकाणूला आणि इंजिनाला जोडायची आणि मग तोंडाने आदेश द्यायचे. पेटी आवाज तपासते आणि शंभरपैकी गुण देते. साठच्या वर गुण पडले तर आदेश पुढे जातो, नाहीतर अडतो आणि पुन्हा द्यावा लागतो. कल्पना वाईट नव्हती. दमलेला किंवा भांबावलेला माणूस आवाजावरून ओळखू येतो, त्याला वेळीच थांबवावं, एवढाच हेतू. पण ठाम आवाज कसा असतो हे पेटीला शिकवायला बंदरांनी मी रुजू होण्याआधीची वीस वर्षांची जुनी ध्वनिमुद्रणं दिली, आणि त्या वीस वर्षांत या किनाऱ्यावर एकही बाई पायलट नव्हती. पेटी बिचारी जे ऐकलं ते शिकली. तिच्या लेखी ठाम आवाज म्हणजे खर्जातला, तुटक, सपाट आवाज. आणि ठाम माणूस कुणाला काही विचारत नाही.

मी विचारते. जहाज वळवण्याआधी मी कप्तानाला, सुकाणूवरच्या माणसाला आणि रेडिओवरून दोन्ही टगांना एकच प्रश्न टाकते, "कुणाला काही खटकतंय का?" टग म्हणजे मोठ्या जहाजांना ढकलणाऱ्या आणि ओढणाऱ्या दांडग्या बोटी. माझ्या या प्रश्नाला बाकीचे पायलट 'मैथिलीबाईंची ग्रामसभा' म्हणतात. त्यातून एका टगचा मास्टर सिद्धेश, म्हणजे माझा नवरा. बायको वरून हुकूम सोडते आणि नवरा खालून ढकलतो, यावर बंदराच्या कँटीनमध्ये जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे सगळे होऊन गेले आहेत.

तिसऱ्यांदा नापास झाल्यावर दोनशे मीटरच्या वरची जहाजं मला बंद झाली. पहिल्या वर्गाच्या परवान्याची परीक्षाही लटकली. आठ वर्षं मी सिमेंटची आणि मळीची जहाजं ने-आण करत होते, आणि माझ्यानंतर आलेला कदम दोनच वर्षांत पहिल्या वर्गात जाऊन बसला होता. तो परवाना मला हवा होता. उगाच साळसूदपणा कशाला, अगदी जीव तोडून हवा होता.

कॅप्टन उपासनींनी मला बोलावून घेतलं. ते आमचे हार्बर मास्टर, सगळ्या पायलटांचे साहेब. हे काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांच्या टेबलावर मखमली खोका होता आणि खोक्यावर गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं, 'तिचा आत्मविश्वास'.

"धीरपट्टी," ते म्हणाले. "महिला सक्षमीकरणाच्या निधीतून आली आहे. घालून तर बघ."

"सर, पेटीला बायकांचे आवाज कळत नाहीत. मग पेटी दुरुस्त करायची सोडून मला का दुरुस्त करताय?"

"पेटी साऱ्या देशात एकच आहे, मैथिली. ती बदलायला दिल्लीची परवानगी लागते. तुला बदलायला माझी सही पुरते." स्वतःच्या विनोदावर ते हसले आणि मग जरा ओशाळले. "तुझं म्हणणं चूक नाही गं. त्या मुद्रणांत माझाही आवाज आहे, म्हणून मला सोपं जातं. पण तुला मोठी जहाजं हवीत ना?"

मला मोठी जहाजं हवी होती. मी खोका उचलला.

धीरपट्टीचं शास्त्र खोक्यातल्या पत्रकात होतं, ते मी दोनदा वाचलं. काहीतरी चुकतंय असं मेंदूला वाटलं की कपाळाच्या मागच्या भागातून एक बारीकशी विद्युतलहर उठते. ती आपल्याला कळायच्याही आधी उठते. तिच्या पाठोपाठ छाती धडधडते, घशाचे स्नायू आवळतात, आवाज वर चढतो. धीरपट्टी कानामागे बसते. ती लहर उठलेली तिला दिसली की कानाच्या पाळीजवळून जाणाऱ्या एका मज्जातंतूला ती हलकासा प्रवाह देते. तो तंतू हृदयाला आणि घशाला शांत राहा म्हणून सांगतो, आणि ती शांतता उलट मेंदूकडेही पोचते. शंकेची बातमी निघते, पण पोचत नाही. त्रास काही नाही, नुसत्या गुदगुल्या होतात.

पहिल्या दिवशी पट्टी लावून मी शिडी चढले आणि आदेश दिला. पेटी म्हणाली, "ब्याण्णव." मी खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात कुणी कुजबुजत नव्हतं. कप्तानाने कॉफी विचारली तेव्हा "आभारी आहे, नको" याऐवजी मी "काळी, बिनसाखरेची" म्हणाले. ग्रामसभा बंद झाली, कारण विचारावंसं काही वाटतच नव्हतं. महिन्याभरात मला अडीचशे मीटरची जहाजं मिळू लागली. कँटीनमध्ये कदमने माझ्यासाठी खुर्ची सरकवली. पुण्याहून पेटी आणि पट्टी बनवणाऱ्या कंपनीचे देवधर नावाचे साहेब येऊन माझा फोटो घेऊन गेले.

सिद्धेश तेवढा खूश नव्हता. एका रविवारी जेवताना मी सांगितलं, "बंदराच्या वसाहतीत फ्लॅट घेतलाय. पुढच्या महिन्यात गावातलं घर सोडायचं."

त्याचा हात ताटातच थांबला. "घेतलाय? मना इचारलंस?"

"काय इचारायचं होतं त्यात?"

"हल्ली तू इचारतच नाय गो. टगवर पन नाय, घरात पन नाय."

"तुला बायको मोठी झालेली बघवत नाही," मी म्हणाले. अगदी सपाट, खर्जातल्या आवाजात. पट्टी मी घरातही काढत नव्हते. त्याचा चेहरा पडलेला मला स्पष्ट दिसला आणि मला काहीही वाटलं नाही. मी आणखी एक भाकरी घेतली.

पुढच्याच आठवड्यात खताचं एक लांबलचक जहाज आलं. ते धक्क्यासमोर जागच्या जागी फिरवायचं होतं. सिद्धेशचा टग जहाजाच्या शेपटाला दोराने बांधलेला होता. मी शेपूट डावीकडे टाकायचा आदेश दिला. डावीकडे धक्का होता, आणि धक्का आणि जहाज यांच्या मधोमध सिद्धेशचा टग.

रेडिओवर तो ओरडला, "मैथिली, मी आत हाय! आत हाय मी!"

मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. आणि तोच आदेश पुन्हा दिला, आधीपेक्षा ठाम. पेटी म्हणाली, "शहाण्णव." जहाजाची भिंतीसारखी काळी बाजू टगवर सरकू लागली. सिद्धेशने दोर सोडून दिला, इंजिन पुरतं रेटलं आणि त्या फटीतून टग बाहेर काढला. टगच्या कठड्याचा एक भाग धक्क्याला घासून चेपला. जहाज मात्र झोकात लागलं. कप्तानाने माझं अभिनंदन केलं.

खाली बोटीत बसल्यावर टोपी काढताना पट्टी कानावरून सरकली. आणि सगळं एकदम आलं. मी बोटीच्या काठावर ओणवी होऊन भडाभडा ओकले. बोटवाला विचारत राहिला, "मॅडम, बोट लागली का?" मला बोट लागली नव्हती. मी माझ्या नवऱ्याला चिरडणार होते आणि त्या वेळी मला कॉफीची आठवण येत होती.

घरी सिद्धेश भांडला नाही. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो ओसरीवर बसून म्हणाला, "मी आरडत व्हतो तवा तू जराबी घाबरली नायस. त्याची मना भीती वाटली."

मी त्याच्या शेजारी बसून रडले. फ्लॅट रद्द केला. पट्टी खोक्यात घातली आणि खोका कपाटात टाकला. पण दुसऱ्याच दिवशी उपासनींचा निरोप आला. पहिल्या वर्गाची परीक्षा सोमवारी, दोनशे नव्वद मीटरचं कोळशाचं जहाज, परीक्षक ते स्वतः. खाली एक ओळ होती, धीरपट्टी लावणं बंधनकारक.

रविवारभर मी कपाटाकडे बघत होते. पट्टी लावली तर परवाना माझा, हे मला पक्कं ठाऊक होतं. सिद्धेश म्हणाला, "तुझा निर्णय हाय. मी कायबी बोलनार नाय."

सोमवारी सकाळी मी शिडी चढले. जहाजाच्या पुलावर, म्हणजे वरच्या सुकाणूच्या खोलीत, उपासनी आधीच येऊन उभे होते. त्यांनी माझ्या कानाकडे पाहिलं. मी खिशातून पट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"मैथिली, हा वेडेपणा करू नकोस. सहा वर्षं वाट पाहिलीस."

"आठ," मी म्हणाले.

पेटी जोडली. कप्तान रेयेस नावाचा फिलिपिनो गृहस्थ होता, अदबशीर आणि फार कमी बोलणारा. मी पहिले दोन आदेश दिले. पेटीने पासष्ट आणि बासष्ट गुण देऊन ते कसेबसे पुढे सोडले. शेपटाला सिद्धेशचा टग बांधून जहाज खाडीच्या तोंडाशी आलं. पुढे घोडा खडकाचं वळण होतं. आणि मला काहीतरी खटकलं. काय ते सांगता येईना. जहाज माझं ऐकत होतं, पण आढेवेढे घेतल्यासारखं, एक क्षण उशिरा. मी रेडिओ उघडला, कप्तानाकडे वळले आणि माझ्या नेहमीच्या, वर चढणाऱ्या आवाजात विचारलं, "कुणाला काही खटकतंय का?"

पेटी ताबडतोब म्हणाली, "एक्केचाळीस."

कप्तान रेयेसने पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, सुकाणूचा एक पंप कालपासून नीट चालत नाही. जहाज वळायला वेळ लावतंय."

"मघाशी मी चढले तेव्हा का नाही सांगितलं?"

"ही पेटी आमचेही आवाज ऐकते. कप्तानाचे गुण कमी झाले की जहाज रांगेत मागे जातं. मला मालक घरी बसवतील. आणि खरं सांगू? गेल्या चार बंदरांत मला कुणी विचारलंच नाही."

तेवढ्यात पेटीचा गोड आवाज आला. "पायलटचा ठामपणा अपुरा. नियंत्रण परीक्षकांकडे देण्यात येत आहे."

उपासनी पुढे झाले. तीस वर्षं या खाडीत जहाजं आणलेला माणूस. पण सुकाणूचं त्यांनीही आत्ताच ऐकलं होतं, आणि घोडा खडक काचेतून दिसत होता. ते म्हणाले, "पोर्ट... पोर्ट टेन." म्हणजे सुकाणू दहा अंश डावीकडे, पण शब्द अडखळत आला.

"अडतीस," पेटी म्हणाली. "आदेश नाकारला."

"अगं, माझा आवाज आहे हा!" उपासनी पेटीवर ओरडले. "तुला मी शिकवलंय!"

"एकतीस. आदेशाच्या प्रतीक्षेत."

जहाज पुढे चाललं होतं. आदेश नाही म्हणून ते कुणाची वाट बघत थांबणार नव्हतं. मी वाकले, पेटीची जाडी वायर दोन्ही हातांनी धरली आणि उपटली. पेटीचा पडदा काळा झाला. सुकाणूवरचा पोऱ्यासारखा दिसणारा खलाशी डोळे फाडून माझ्याकडे पाहत होता.

"हाताने धर," मी त्याला म्हणाले. "सुकाणू मधोमध. इंजिन बंद." माझा आवाज चिरकला. चिरकू दे. त्याने रीतीप्रमाणे माझा शब्द मोठ्याने परत म्हटला आणि चाक धरलं. मी रेडिओवर म्हणाले, "सिद्धेश, मागे ओढ. सरळ मागे. जमेल?"

"दोर ताठ व्हाया जरा येळ लागंल. हळूहळू घेतो."

"घे. मला वळणाआधी थांबायचंय. मला भीती वाटतेय."

"मना पन," सिद्धेश म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कितीतरी दिवसांनी हसू होतं.

जहाजाचा वेग उतरत गेला. खडकाच्या बऱ्याच अलीकडे ते थांबलं. दोन्ही टगांनी ते सरळ मागे ओढत बाहेर आणलं, आणि मोकळ्या पाण्यात मी नांगर टाकायला लावला. कप्तान रेयेसने माझा हात हातात घेतला.

उपासनी खुर्चीत बसून होते. ते म्हणाले, "मैथिली, तू जे केलंस ते बरोबर होतं. पण जहाज धक्क्याला लागलं नाही आणि बंदराचं यंत्र तू बंद पाडलंस. नियमाने मला तुला नापास करावं लागेल."

मला इतका संताप आला की कानशिलं तापली. "करा," मी म्हणाले. "खुशाल करा. पण ती पेटी जोडलेल्या जहाजावर मी यापुढे पाय ठेवणार नाही."

त्यांना वाटलं, मी रागाने बोलतेय. मी रागानेच बोलत होते. पण आमच्या धंद्यात एक जुना हक्क आहे. शिडीचा दोर कुजका दिसला, पायरी तुटकी दिसली, तर पायलट चढायला नकार देतो. त्याला कुणी कारण विचारत नाही, की दंड करत नाही. शिडी बदलतात आणि मगच तो चढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोटीतून एका जहाजापाशी गेले, वर न चढता रेडिओ उघडला आणि नोंदवलं, "साधन धोकादायक. पायलट चढणार नाही." कुठलं साधन, असं नियंत्रण कक्षाने विचारलं. मी म्हणाले, "निर्धार पेटी."

माझ्या जागी कदमला पाठवायचं ठरलं. कदमने कळवलं, पोट बिघडलंय. मग उरलेल्या तिघांचीही पोटं त्याच सकाळी बिघडली. चौघांनी माझी इतकी वर्षं टिंगल केली होती. पण उपासनींसारख्या माणसाला पेटी एकतीस गुण देते, ही बातमी आदल्याच दिवशी कँटीनभर झाली होती, आणि ज्याला त्याला आपापला घोडा खडक आठवला होता. उघड बोलायचं धाडस एकाकडेही नव्हतं. पोटं मात्र एकजुटीने बिघडली.

दुपारपर्यंत खाडीच्या तोंडाशी सहा जहाजं उभी राहिली. मी बोटीतच बसून होते. सिद्धेशने टग जवळ आणून उभा केला होता आणि वरून डबा सोडला होता, सुकटीची चटणी आणि भाकरी. शेवटी पुण्याहून देवधर साहेबांचा फोन आला. माझा फोटो घेऊन गेलेले तेच.

"मॅडम, तुम्ही आमचा चेहरा आहात," ते म्हणाले. "तुमच्यासारख्या बायकांसाठीच आम्ही धीरपट्टी आणली. एवढा आत्मविश्वास तुम्हाला मिळाला, आणि तुम्ही हे करताय?"

"आत्मविश्वास मला आधीही होता, साहेब. तुमच्या पेटीला तो ओळखता येत नव्हता."

"बरं. पण एक सांगा, आमचं यंत्र सदोष आहे याची तुम्हाला पूर्ण खात्री आहे? शंभर टक्के?"

मी विचार केला. खरंच केला. पेटीने कधीतरी कुणा प्यायलेल्या पायलटला अडवलंही असेल. खडकाजवळ ती पुन्हा अडेलच असं मला छातीठोक सांगता आलं नसतं. मी अभियंता नाही. माझा आवाज वर चढला तो मी चढू दिला.

"नाही," मी म्हणाले. "पूर्ण खात्री नाही मला."

"मग?" ते जवळजवळ खूश झाले. "खात्री नसताना तुम्ही अख्खं बंदर अडवून बसलात?"

"हो," मी म्हणाले. "खात्री नसताना मी जहाज आत नेत नाही. तुम्ही नेता का?"

मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. सहा जहाजं नांगरावर उभी होती आणि भरती चढत होती. मग फोनवर नाही, रेडिओवर आवाज आला, उपासनींचा. तो कापत होता आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"सर्व पायलट, ऐका. निर्धार पेट्या बंद करतोय. माझ्या सहीने. परवानगी दिल्लीची लागते, मला माहीत आहे. कॅप्टन तांडेल, पहिलं जहाज मोठं आहे. परवाना तुमच्याकडे नाही, म्हणून परीक्षक म्हणून मी तुमच्याबरोबर वर येतोय. तुम्हाला जमेल?"

"बघू या," मी म्हणाले आणि शिडीकडे बोट घ्यायला सांगितलं.